फोटोब्लॉग आणि प्लगिन्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पक्ष्यांच्या फोटोंचा माझा वर्डप्रेसवर ब्लॉग आहे. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून फुल साइझ जेपेग काढतो आणि तसेच चढवतो. पेज उघडायला फार वेळ लागतो म्हणून इमेज कॉम्प्रेसची दोन, लेझी लोडचं (स्क्रोल करत जाईल तसे फोटो उघडणारं) एक, कॅशेची (तयार पेज साठवून ठेवणारी) दोन अशी प्लगिन्स (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर्स) टाकली तरी फरक नाही. अजून कुठलं टाकू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अजून टाकू नका, आधी आहेत त्यातली काढा. कॅशेची दोन प्लगिन्स एकाच वेळी चालू असली की ती एकमेकांच्या पायात येतात, कुठलंही एकच ठेवा, आणि कॉम्प्रेसचंही एकच पुरे. लेझी लोड तर वर्डप्रेसमध्ये 2020 पासून, म्हणजे 5.5 व्हर्जनपासून आपोआप होतं, त्यासाठी वेगळं काही लागत नाही.

खरं काम अपलोडच्या आधी आहे. तुम्ही एक फोटो चढवता तेव्हा वर्डप्रेस त्याच्या 150 पिक्सेलपासून 2560 पिक्सेलपर्यंत पाच-सात कॉप्या बनवतं आणि वर तुमची मूळ फाइलही सर्व्हरवर ठेवतं, म्हणजे 12-15 एमबीचे फोटो टाकत राहिलात तर होस्टिंगची जागा बघता बघता भरते. त्यापेक्षा लाइटरूममध्येच ब्लॉगसाठी एक्सपोर्ट प्रीसेट (एकदाच ठरवून ठेवलेली सेटिंग्ज) करून ठेवा: लांब बाजू 2048 पिक्सेल, क्वालिटी 75 ते 80, कलर स्पेस, म्हणजे रंग साठवायची पद्धत, एसआरजीबी. हे शेवटचं विसरू नका, अडोबी आरजीबीत काढलेला फोटो बऱ्याच स्क्रीनवर फिका दिसतो आणि माणूस उगाच एडिटिंगला दोष देत बसतो. नाव, बॉर्डर वगैरे हवं असेल तर एलआर/मॉग्रिफाय नावाचं जुनं प्लगिन आहे, ते एक्सपोर्ट होतानाच सगळं लावून देतं, फोटोशॉप उघडायची गरजच नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, कारण फार कमी लोक ती वापरतात. लाइटरूममध्ये टायटल आणि कॅप्शन भरलं की अपलोड करताना वर्डप्रेस ते फोटोतूनच वाचून घेतं, पक्ष्याचं नाव, जागा, कुठला ऋतू हे परत टाइप करायला नको. फक्त एक्सपोर्टच्या मेटाडेटा (फोटोसोबत जाणारी माहिती) पर्यायात ‘कॉपीराइट ओन्ली’ निवडू नका, नाहीतर कॅप्शन तिथेच गळून पडतं. ‘ऑल मेटाडेटा’ घ्या, आणि त्याच्याच खाली लोकेशन काढून टाकायची टिक आहे ती नक्की करा. तुम्ही पक्ष्यांचे फोटो काढता म्हणून मुद्दाम सांगतोय, घरट्याच्या फोटोत जीपीएस राहिला तर कुणीही नकाशा बघत थेट त्या झाडाखाली जाऊन उभा राहील. मोबाइलने काढलेल्या फोटोत तर तो बहुतेक वेळा असतोच.

प्रश्न: निक कलेक्शन हा फोटो एडिटिंगच्या प्लगिन्सचा संच आधी फुकट होता ना? आता विकत घ्यावं का? प्रत्येक फोटो त्यातून काढला तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: हो, गूगलने 2016 मध्ये फुकट केलं होतं, 2017 मध्ये डीएक्सओ कंपनीने घेतलं आणि आता नवी व्हर्जन्स विकत मिळतात. ब्लॅक अँड व्हाइट मनापासून करत असाल तर त्यातल्या सिल्व्हर इफेक्ससाठी पैसे घालायला हरकत नाही, माझं तरी ते आवडतं आहे. पण फक्त नॉइज (फोटोतले दाणे) काढायला घेऊ नका, लाइटरूममध्ये 2023 पासून एआय डीनॉइज आलंय, रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलवर, ते छान चालतं.

प्रत्येक फोटो मात्र नको. लाइटरूममधून अशा प्लगिनमध्ये फोटो पाठवला की त्याची वेगळी टिफ (मोठ्या आकाराची इमेज फाइल) कॉपी होते, 24 मेगापिक्सेलची 16 बिट टिफ कॉम्प्रेस केली नाही तर साधारण 144 एमबी, म्हणजे वीस फोटोंतच जवळजवळ 3 जीबी गेले. शिवाय नंतर व्हाइट बॅलन्स बदलावासा वाटला तर रॉइतकी मोकळीक त्या टिफमध्ये राहत नाही. आधी निवड करा, बेसिक एडिटिंग रॉवरच संपवा, आणि ब्लॉगवर जाणारे जे चार-पाच फोटो उरतील तेवढेच प्लगिनमध्ये न्या.

प्रश्न: लाइटरूमचे दर महिन्याचे पैसे परवडत नाहीत. (एक विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर: डार्कटेबल घे, फुकट आहे, रॉ उघडतं, नॉइज काढायची सोय त्यातच आहे. बाकी कामाला गिंप (फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर) आणि त्यात जीमिक हे इफेक्ट्सचं प्लगिन. सुरुवातीला डार्कटेबल अंगावर येतं, इतके पर्याय आहेत, म्हणून पहिला महिना एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप एवढंच वापर. एक्सपोर्टचे वर दिलेले आकडे तिथेही तसेच चालतील.