गोव्याच्या मांडवी नदीत कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) चालवताना खनिजाच्या बार्जपासून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जहाजापासून, कसं सांभाळायचं?

बार्ज आपल्याला बघून वळेल, या भरवशावर राहू नका. चालकाची केबिन मागच्या टोकाला असते, त्यामुळे पुढच्या टोकासमोरचं बरंचसं पाणी त्याला दिसतच नाही. शिवाय भरलेली बार्ज चटकन थांबत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला ९ वा नियमही सांगतो, की अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा लहान होडीने फक्त त्याच मार्गातून सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाची वाट अडवायची नाही. म्हणून काठाजवळून वल्हवा. ओलांडायचंच असेल तर बार्ज गेल्यावर, तिच्या मागून, सरळ आडवं. लागोपाठ पाच छोटे भोंगे ऐकू आले तर ते आपल्यासाठीच आहेत असं धरून बाजूला व्हा. आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, होडीत ठेवू नका. पोहता येत असलं तरी, कृपया.