आजीचा धंदा लिही

प्रिय,

आजीवर लिहिलेली तुझी दीड पानं वाचली. वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत कुणी नावं ठेवणार नाही. पण प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांना पोटभर वाढणारी आजी लालबागच्या कुठल्याही चाळीत सापडेल. तुझी आजी खाणावळ चालवायची. धंदा होता तो. आधी धंदा लिही.

तुझा घोळ कळतो मला. घरात सगळे सांगतात, गिरणी संपात तिने कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. आत्या सांगते, पावसाळ्याच्या तोंडावर तिने चौघांना दारातूनच परत पाठवलं. खरं काय, म्हणून तू विचारतेस. दोन्ही खरं असेल की! 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, त्यांच्यावर तेव्हापासून पानंच्या पानं छापली गेली. खाणावळवालीचं गणित फारसं कुणी मांडलं नाही. मेंबर महिनाभर जेवणार आणि पैसे पगाराला देणार. पगारच थांबला, तर वाणी किती दिवस थांबेल? कितीतरी जण कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले, त्यांची उधारी वहीतच राहिली. चौघांना नाही म्हटलं म्हणून उरलेल्यांसाठी चूल पेटली असेल. यात लपवायचं काय आहे?

खाणावळी चालवणाऱ्या या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या, म्हणूनच 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी त्यात होती का? तू लिहिलेलं नाहीस. ‘हातात अन्नपूर्णा होती’ एवढं मात्र लिहिलंयस.

माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती. तिच्यावर लिहिताना मी खात्यातली भांडणं लिहिली आणि धाकट्या काकूशी तिने शेवटपर्यंत धरलेला अबोलाही लिहिला. त्यानंतर भावाकडून गणपतीचं बोलावणं येत नाही. न येऊ दे. ‘आईची बदनामी’ म्हणतो तो. त्या अबोल्यामागे काकूने न फेडलेली भिशी होती आणि आईला एकेक रुपया कसा मिळायचा ते मी पाहिलेलं आहे. ते गाळलं असतं, तर ती फोटोतली बाई झाली असती. वाईट वाटतं, विशेषतः मोदकांच्या दिवशी. तरी पुन्हा तेच लिहीन.

तुझ्या काकांना चौघांची गोष्ट आवडणार नाही. नको आवडू दे, पुस्तिकेचे पैसे ते देतायत म्हणून आजी त्यांच्या एकट्यांची होत नाही. फार तर त्या चौघांची नावं गाळ, त्यांची नातवंडं अजून तिथेच राहतात.

आता आत्याला गाठ. आठवणी सांग म्हणू नकोस, ती रडत बसेल. पहिल्या पाळीचे डबे भरायला आजी किती वाजता उठायची, भाकऱ्या कोण थापायचं, त्या बाईला पैसे मिळायचे की जेवण, रेशनचं रॉकेल संपलं की काय करायचे, मासे कोण आणायचं, महिन्याचा दर कधी वाढवला आणि तेव्हा कोण भांडलं, ते विचार. उधारीची वही कुणाकडे आहे हे सगळ्यात आधी. रद्दीत गेली असेल, तर कुणी दिली तेही विचार.

रविवारी चारनंतर जा. त्याआधी ती झोपलेली असते आणि उठवलं तर काही सांगत नाही.