जेलवर 220 आणि 300 बेस पेअरचे तुकडे एकत्रच का दिसतात?

तुम्ही म्हणता, ऐरोलीच्या कॉलेजात 1 टक्का अगारोजच्या जेलवर पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) मिळालेले 220 आणि 300 बेस पेअरचे (डीएनएची लांबी मोजायचं एकक) तुकडे चालवले की एकच फिकट पट्टा दिसतो, आणि व्होल्टेज 120 केलं की पट्टे हसल्यासारखे वाकतात. व्होल्टेज वाढवून हे सुटणार नाही. जेलमध्ये अगारोज कमी पडतंय.

डीएनए जितका लांब, तितका त्याचा ऋण भार जास्त, पण तितकाच द्रवाचा अडथळाही जास्त. त्यामुळे नुसत्या बफरमध्ये (वीज वाहून नेणारं क्षारांचं द्रावण) सगळे तुकडे जवळपास एकाच वेगाने धन टोकाकडे जातात. लहानमोठा भेद जेलची जाळी करते. 1 टक्क्याची जाळी साधारण 500 बेस पेअरच्या वरच्यांसाठी ठीक. त्यात ब्रोमोफेनॉल ब्लू, म्हणजे सॅम्पलमध्ये घालतो तो निळा रंग, नेमका 300 च्या आसपास चालतो, म्हणजे तुमच्या पट्ट्यावर रंगाचीच सावली.

मी 2.5 टक्के घेईन. 50 मिली 1एक्स (वापरायच्या तीव्रतेच्या) टीएई बफरमध्ये 1.25 ग्रॅम अगारोज. पावडर आधी गार बफरमध्ये पाचेक मिनिटं भिजू द्या, नाहीतर गुठळ्या होतात. फ्लास्क 250 मिलीचा हवा, उतू जातं. मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवून हलवत राहा. उजेडासमोर धरल्यावर काचेच्या कणांसारखे ठिपके तरंगताना दिसले तर अजून विरघळलेलं नाही. उडालेल्या पाण्याइतकं गरम डिस्टिल्ड पाणी घाला (नळाचं नको). 60 अंशांवर आलं की ओता. टँकमध्येही तेच 1एक्स बफर. तिथे चुकून पाणी भरलं तर करंट जवळजवळ वाहतच नाही.

सॅम्पल 5 मायक्रोलीटर, 6एक्स (सहापट तीव्र) लोडिंग डाय 1. व्होल्टेज सेंटीमीटरला 5, पण अंतर जेलचं नव्हे, दोन इलेक्ट्रोडमधलं मोजायचं: 15 सेंमी असेल तर 75 व्होल्ट. 120 ला मधला भाग जास्त तापतो, तिथला डीएनए पुढे धावतो, म्हणून ते हसू. मे महिन्यात एसी बंद असेल तर आणखीच.

डीएनए चमकवून दाखवणारं इथिडियम ब्रोमाइड धन भाराचं, उलट्या दिशेने सरकतं. जेलमध्येच मिसळलं असेल तर लहान तुकड्यांकडचा भाग रिता होतो. त्यापेक्षा जेल चालून झाल्यावर मिलीला 0.5 मायक्रोग्रॅमच्या द्रावणात अर्धा तास ठेवा, नायट्राइल हातमोजे घालूनच.

शेजारी 100 बेस पेअरचा लॅडर (माहीत लांबीच्या तुकड्यांचं मिश्रण) हवाच. त्याचे 200 आणि 300 सुटे दिसले आणि तुमचा पट्टा तरीही एकच राहिला, तर जेलचा पिच्छा सोडा. पीसीआरमध्ये बहुधा एकच तुकडा वाढलाय.