एक एकर विकू नका, पोराला वडशाला पाठवा

"साहेब, आम्ही नागभीड तालुक्यातले, चार एकर धान. पोट्टा बारावी कॉमर्स झाला. गावच्या धुमाल पार्टीत ढोल-ताशे वाजवते, लग्नसराईत हजार-बाराशे घरी आणते. आता म्हणते पंकचा ड्रमर होतो, बँड काढतो, झेरॉक्सचं मासिक काढतो. मुंबईच्या अकादमीत घाला म्हणते. एक एकर विकू का? पोलीस भरतीचं नाव काढलं का ताटावरून उठते."

भाऊ, जमीन विकू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं मग निवांत वाचा.

पंक म्हणजे दीड-दोन मिनिटांचं गाणं, दोन-तीन कॉर्डची गिटार आणि धुमालवालाही धापा टाकेल असा पळता ठेका. पोराने तुम्हाला फोनवर ऐकवलं असेल, तुम्ही कानावर हात ठेवले असतील. चालायचंच. पण या धंद्याची एक गोष्ट त्यानेही तुम्हाला सांगितली नसेल, कारण त्याला ड्रमच दिसतोय.

अमेरिकेत वॉशिंग्टनला जेफ नेल्सन नावाचा ड्रमर होता. शाळकरी दोस्तांचा 'टीन आयडल्स' नावाचा बँड होता, तो वर्षभरात मोडला. कार्यक्रमांतून जमलेले पैसे वाटून घेण्याऐवजी त्यांनी १९८० साली आपल्याच आठ गाण्यांची रेकॉर्ड काढली, पहिल्या खेपेला हजार प्रती. रेकॉर्डची पाकिटं स्वतः कापली, दुमडली, डिंकाने चिकटवली. त्यासाठी नेल्सन आणि त्याचा दोस्त इयान मकाय यांनी 'डिस्कॉर्ड' नावाची कंपनी उभी केली. पुढे दोघांचा 'मायनर थ्रेट' हा बँड गाजला, आणि १९८३ ला तोही संपला. कंपनी मात्र आजही चालू आहे. नेल्सन ड्रम वाजवायचा, कव्हरांची चित्रं काढायचा आणि कंपनीतला भागीदारही होता. नुसत्या ड्रमवर असता तर १९८३ ला घरी बसला असता.

बँड टिकत नाहीत, भाऊ. पोरं भांडतात, कोणाला नोकरी लागते, कोणाचं लग्न होतं. त्यात ड्रमरचं एक बरं असतं. गिटारवाले गल्लोगल्ली सापडतात, ड्रमवाला शोधावा लागतो, म्हणून तो एकाच वेळी तीन बँडांत वाजवू शकतो. पण आपल्याकडे पंकवर पोट भरेल एवढा पैसा नाही, मुंबईतही नाही. तुमच्या पोराला हे मीच सांगितलं म्हणून सांगा. त्याला राग माझा येऊ द्या.

आता अकादमी. ठेका त्याच्या हातात आहे, तो धुमालने दिलाय. पायाने पेडल मारायचं काम आणि नोटेशन (लिहिलेला ताल वाचणं) कमी पडत असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ड्रमच्या ग्रेड परीक्षा भारतात होतात. नागपूरला शिकवणारा शोधून त्या देता येतात, त्यासाठी एकर लागत नाही. सोबत गोंडवाना विद्यापीठाच्या जवळच्या कॉलेजात बी.कॉम. करू द्या. 'नोकरीसाठी' म्हणालात तर तो जाणार नाही. 'हिशेबासाठी' म्हणा.

आणि तुमच्या दाराशी जी शाळा आहे तिचं नाव पत्रात नाही, याचं मला नवल वाटलं. नागभीडहून गोंदियाच्या गाडीत बसलं की ब्रह्मपुरीच्या पुढे वडसा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथेच. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, धान निघाल्यावर दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव रात्र-रात्र प्रयोग होतात. गावाचं मंडळ नाटक ठरवतं, तिकिटं विकतं. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. नाटकात वाद्यवृंद जिवंत असतो आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवणारा लागतोच. एक हंगाम पोराला तिथे बसू द्या. पण नुसतं वाजवून परत यायचं नाही. मंडळाशी बोलणी कशी होतात, आगाऊ किती घेतात, गाडीभाडं कोणाच्या माथी, पाऊस आला तर कोण बुडतो, हे सगळं दोनशे पानी वहीत उतरवायचं. बिनशेठजीचा बँड चालवायला हेच लागतं. पंकवाल्यांना जे जमवायला डोकं फोडावं लागलं, ते झाडीपट्टीत आजोबांच्या काळापासून चालू आहे.

वहीत दुसरं एक पान. गाणं जुळलं त्याच रात्री शब्द कोणाचे, चाल कोणाची ते लिहून चौघांनी सह्या करायच्या. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, पण तिथे नाव लागतं ते लिहिणाऱ्याचं आणि चाल बांधणाऱ्याचं. नुसता ठेका धरणाऱ्याचं नाही. वादक म्हणून हक्क कायद्यात वेगळा आहे, तो सही करताना लोक गमावतात. 'दोस्तीत काय लिहायचं' म्हणणारा दोस्त असेल, तर आधी त्याचीच सही घ्यावी.

मासिकाची चेष्टा करू नका. मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने लंडनला १९७६ मध्ये असंच टाइप करून, स्केचपेनने मथळे काढून 'स्निफिन ग्लू' काढलं होतं. कोणता बँड कुठे वाजतोय हे लोकांना त्यातून कळायचं. तुमच्या पोराने पंक नंतर छापावं, आधी धुमाल पार्ट्यांबद्दल लिहावं. कोणाकडे कोणता ऑक्टोपॅड, कोण कोणाकडून फुटून गेला. नागपूर ते गडचिरोली वाचतील, आणि ओळखी होतील त्या वेगळ्याच.

एक काळजीची गोष्ट. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्तास ऐकला तर कान जातात, आणि ड्रमसेट सहज शंभरच्या पुढे जातो, धुमालच्या डब्यांचं तर विचारूच नका. घरी टीव्हीचा आवाज वाढवायला लागला आहे का, बघा. कानातले बूच आजच घेऊन द्या. कापूस चालत नाही.

तुमचं पत्र एका कागदाच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं आहे. मागे काळ्या पेनने कवटी काढली आहे, कवटीच्या डोक्यावर धानाची पेंडी आणि खाली बँडचं नाव. ते चित्र त्याचंच असणार. कागद परत पाठवतोय. त्याला म्हणावं, पेंडी जराशी मोठी कर, झेरॉक्सला बारीक रेषा उठत नाहीत.