गावच्या आठवणी सुटत नाहीत. जुन्याची ओढ आणि आजचं जगणं यांचा मेळ कसा घालायचा?

तुम्ही लिहिलंय की आजी गेल्यापासून गुहागरजवळच्या घरी पाय वळत नाही, आणि पुण्यात बसून मात्र तेच घर सारखं डोळ्यांपुढे येतं. कामात जीव रमत नाही, मुलांशी बोलताना लक्ष नसतं. मी श्रीवर्धनजवळ राहते. माहेर इथलं, सासरही इथलंच. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याहून येणारी कितीतरी माणसं आमच्या ओटीवर बसून हेच बोलतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ही ओढ वाटते याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. १६८८ साली योहानेस होफर याने बाझेलच्या विद्यापीठात प्रबंध लिहून घराची ओढ हा आजारच ठरवला होता. परमुलखात राहिलेली माणसं त्यापायी खंगतात, असं त्याचं म्हणणं. आजचे मानसशास्त्रज्ञ तसं मानत नाहीत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशुट यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. एकटं वाटलं, मन खट्टू झालं की जुनं जास्त आठवतं, आणि त्या आठवणी बहुतेक वेळा आपल्या माणसांच्याच असतात, असं त्यांना आढळलं. तेव्हा घर आठवलं की स्वतःला विचारा, आत्ता मला कोण हवंय? आजी भेटणार नाही, हे खरंच. पण तिच्या हाताखाली वाढलेली एखादी आत्या असेल, शेजारची काकू असेल. त्यांना फोन लावा. निम्मी तगमग तिथेच कमी होते.

आता मला खरं सांगायचंय ते. आपण ज्या काळासाठी झुरतो, तो आपल्यासाठी कुणीतरी राबून उभा केलेला असतो. माझी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. आम्ही भाचरं जमलो की मे महिन्याच्या सुट्टीच्या गोष्टी निघतात: रहाटाचा आवाज, आंब्याची साटं, पडवीत ओळीने घातलेली अंथरुणं. एकदा ती म्हणाली, "अगं, तुमची सुट्टी ती आमची आगोटीची धांदल." आणि मग तिने सांगितलं. मृगाच्या आत सरपण भरायचं, साटं वाळवायची, कोकमं फोडून आमसुलं करायची, पापड लाटायचे, पडवीला झापांचा आडोसा बांधायचा, आणि घरात पाहुणे वीस. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत. पाणी रहाटाचं. विहिरीवर पंप बसला त्या दिवशी आपण देवापुढे साखर ठेवली, असं तिने सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

त्या दिवसापासून मी आमच्या जुन्या दिवसांवर आधीपेक्षा जास्त माया करते, कारण आता त्यात आत्याही आहे. पूर्वी फक्त आम्ही मुलं होतो. तुम्हीही तुमच्या गावातल्या जुन्या बायकांना विचारून पाहा, त्यांना त्यातलं काय परत हवंय आणि काय नको. रहाट नको म्हणतील, आणि संध्याकाळी परवचा म्हणायला जमणारं घर हवं म्हणतील. काय जपायचं आणि काय खुशाल जाऊ द्यायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही.

आमच्याकडे हा प्रश्न एका दिवसात अंगावर आला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीपर्यंत माड-पोफळींच्या वाड्या झोपल्या. पणजोबांच्या हातचे माड, आजोबांनी लावलेल्या पोफळी दुपारभरात आडव्या. इथली रोठा सुपारी नावाजलेली, घरोघर वर्षाचा खर्च तिच्यावर चालायचा. आणि पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. साठीच्या माणसाने तेव्हा काय करायचं? काही दिवस माझे काका नुसते वाडीत उभे राहायचे. आम्ही त्यांना घरात बोलावलं नाही. ते दुःख खरं होतं आणि त्याला वेळ देणं भाग होतं.

मग लावणी सुरू झाली, आणि काकांची आठवण कामाला आली. पाटाचं पाणी कुठून फिरायचं, कुठल्या कोपऱ्यात चिखल राहतो, कुठली पोफळ कधीच नीट धरली नाही, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. वरची सावली गेल्यामुळे उघड्या उन्हात पोफळीची रोपं करपली असती, म्हणून आधी केळी लावायची हे त्यांनीच सांगितलं. पण वाडी जशी होती तशी पुन्हा करायची, असा हट्ट त्यांनी धरला नाही. चुलतभावाने ठिबकच्या नळ्या टाकल्या, मधल्या जागेत जायफळ आणि दालचिनी लावली. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे माडांच्या बागेत मसाल्याची झाडं घेण्याची पद्धत तो बघून आला होता. आजोबांच्या वाडीत जायफळ नव्हतं. या वाडीत आहे, आणि काका येईल त्याला आधी तीच झाडं दाखवायला नेतात.

मला वाटतं तुमचं अडतंय ते इथे. घराची आठवण तुम्ही पुण्यात नुसती बघत बसलाय, तिला करायला काहीच काम नाही. आजीची पाककृती असेल तर रविवारी कुळथाचं पिठलं करा, मुलांना हाताशी घ्या. मात्र जेवताना "आमच्या वेळी" ने वाक्य सुरू करू नका, मुलं तिथेच कान मिटतात. त्यांचं कोकण वेगळं असणार. माझ्या मुलीला गावातलं सगळ्यात आवडतं ते बागमांडल्याहून वेसवीला सावित्री खाडी ओलांडणारी फेरीबोट, गाडीसकट माणसं घेऊन जाणारी. माझ्या लहानपणी पलीकडे जायचं तर आंबेतच्या पुलाचा वळसा होता. ती मोठी झाल्यावर तिला ही बोट आठवणार, आणि ते मला छान वाटतं.

आणि घरी जा. गेल्यावर रडू येईल, येऊ द्या. पण नुसतं बघायला जाऊ नका, काम काढून जा. बंद कौलारू घर फार लवकर खचतं. एक कौल सरकलं की वाशात पाणी, वाशाला वाळवी, मग भिंत. सातबाऱ्यावर काका-आत्यांची आणि त्यांच्या मुलांची किती नावं आहेत ते काढा, सगळ्यांना एकदा फोनवर घ्या, आणि शाकारणीचा, म्हणजे कौलं फेरून घेण्याचा, खर्च वाटून घेता येतो का विचारा. सगळे हो म्हणणार नाहीत. जे म्हणतील त्यांच्यासोबत सुरुवात करा. शेजारच्या घरात किल्ली द्या, महिन्यातून एकदा दारं उघडायला सांगा, आणि त्यांना त्याचे पैसे आठवणीने पाठवा.

शाकारणीला माणसं मे महिन्यात अजिबात मिळत नाहीत, सगळ्या गावाचं काम एकदम निघतं. होळीला गेलात तर तेव्हाच कुणाशी तरी बोलून ठेवा आणि थोडी आगाऊ रक्कम देऊन या.