सॉफ्ट हॅकल फ्लाय (गळावर मऊ पीस गुंडाळून केलेला नकली किडा) बांधताना पीस तुटतं, नाहीतर झुबका होतो. काय चुकतंय? हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जायचंय.

तुमचं वर्णन वाचून वाटतं, पीस जास्त होतंय. मीही सुरुवातीला पाच-पाच वेढे द्यायचो.

मी इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये राहतो आणि व्हार्फ नदीवर ट्राउट धरतो. ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ ही फ्लाय इकडचीच. एक गळ, नारिंगी रेशमाचा दोरा आणि तितराचं एक पीस, एवढ्यात ती होते. शिकायला हीच घ्या.

१४ नंबरचा गळ वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, घट्ट पकडा. दोऱ्याला मेण लावून नेढ्याच्या किंचित मागून सुरुवात करा आणि वेढ्याला वेढा लावत मागे जा. गळाच्या टोकाच्या बरोबर वर आलात की थांबा. गळाच्या बाकावर, म्हणजे वळणावर, उतरायचं नाही, अंग आखूडच हवं. तसेच एका थरात परत पुढे या आणि नेढ्यामागे मिलिमीटरभर जागा सोडा. दोरा गोल राहून उंचवटे येत असतील तर बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारी दांडी) उलट फिरवून पीळ काढा, तो चपटा बसतो. कोरडं असताना हे रेशीम भडक दिसतं, पण भिजलं की तांबूस-तपकिरी होतं. म्हणून रंग पाण्यात बुडवूनच ठरवावा.

आता पीस. खरं काम इथेच आहे. पाठीवरचं तपकिरी, ठिपक्यांचं छोटं पीस निवडा. त्याचे तंतू गळाच्या बाकापर्यंत, फार तर जरासे त्यापलीकडे पोचावेत. बुडाची लव काढून टाका. शेंड्याचे थोडे तंतू सोडून बाकीचे बोटांनी उलटे मागे सारा आणि पीस शेंड्याकडून बांधा, पोकळ बाजू अंगाकडे ठेवून. तुमचं तुटतं ते बहुधा अगदी टोकाशी बांधल्यामुळे. तिथे देठ केसासारखा असतो. दोन-तीन तंतू खाली सरकून बांधा, आधी पीस ओल्या बोटांनी मऊ करा आणि गुंडाळताना पीस धरायच्या चिमट्याने ओढू नका, चिमट्याचं वजनच पुरतं. पिसाचा दीड वेढा, फार तर दोन. तरीही दाट वाटलं तर पुढच्या वेळी देठाच्या एका बाजूचे तंतू आधीच काढून टाका. मग तंतू मागे धरून दोऱ्याचे चार-पाच वेढे आणि गाठ. डोकं बारीकच राहू द्या.

तुम्ही तीर्थनला जाणार म्हणता, तर तितराच्या पिसांसाठी रानात शोधू नका, भारतात तो संरक्षित पक्षी आहे. गावठी कोंबडीच्या मानेखालची, खांद्यावरची मऊ पिसं चालतात. कोंबड्याची मानेवरची नकोत, ती ताठ असतात. हिमाचलात मासेमारीचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते, तेव्हा तारखा आधी बघून घ्या.

बांधून झाली की पेल्यातल्या पाण्यात बुडवून हलवा. तंतू मिटले-उघडले पाहिजेत, पाण्यातल्या किड्याच्या पायांसारखे. ताठ उभे राहिले तर सोडवून परत बांधा.

नदीवर प्रवाहाला आडवी, थोडी खालच्या अंगाला टाका आणि वाहू द्या. शेवटी दोर ताणून फ्लाय वर यायला लागते, तेव्हाच बऱ्याचदा मासा घेतो. त्या क्षणी झटका देऊ नका, रॉड नुसता उचला.