कथाखेळात ‘तू’ की ‘तुम्ही’?

कथाखेळ म्हणजे खेळणाऱ्याने निवडलेल्या दुव्यांप्रमाणे किंवा टाइप केलेल्या आज्ञांप्रमाणे पुढे सरकणारी संगणकावरची गोष्ट. ट्वाइन हे असे खेळ बनवण्याचे साधन वापरून हौसेने आपला पहिला मराठी कथाखेळ रचणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, खेळणाऱ्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, आणि ‘तू वाड्यासमोर उभा आहेस’ असे लिहिले तर मुलीने खेळायला घेतल्यावर काय करावे.

ही अडचण इंग्रजीत उद्भवत नाही. विल क्राउदर यांनी रचलेल्या आणि डॉन वुड्स यांनी १९७७मध्ये वाढवलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गुहेतल्या शोधाच्या संगणकखेळापासून खेळणाऱ्याला द्वितीय पुरुषात सांगण्याची रीत रूढ झाली. पण तिथले सर्वनाम एकच आणि क्रियापदाला लिंग नाही. मराठीत मात्र ‘जातोस’ की ‘जातेस’, ‘गेलास’ की ‘गेलीस’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. सुरुवातीला लिंग विचारून ते साठवून ठेवण्याची सोय ट्वाइनमध्ये आहे. परंतु मग अशा प्रत्येक वाक्याची दोन रूपे लिहावी लागतात, आणि पन्नास प्रसंगांच्या खेळात एखादे तरी नजरेतून सुटतेच.

माझे मत ‘तुम्ही’च्या बाजूने आहे, आणि ते केवळ आदरासाठी नाही. ‘तुम्ही जाता’, ‘तुम्ही गेलात’, ‘तुम्ही आला आहात’ ही रूपे स्त्रीपुरुष दोघांनाही सारखीच लागू पडतात. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ तर याहून सोयीचा आहे, कारण तेथे क्रियापद कर्माच्या मागे जाते: ‘तुम्ही कंदील उचललात’, ‘किल्ली उचललीत’, ‘दार उघडलेत’. लिंग कंदिलाचे, किल्लीचे आणि दाराचे. खेळणाऱ्याचे कुठेच नाही. ‘तू कंदील उचललास, किल्ली उचललीस’ यातही तेच घडते, म्हणून ‘तू’ लिहिणाऱ्यानेही कर्मणी प्रयोगाचा हा आधार जरूर घ्यावा.

खरी अडचण उरते ती विशेषणांची. ‘तुम्ही उभे आहात’ की ‘उभ्या आहात’, ‘एकटे’ की ‘एकट्या’? अशा ठिकाणी वाक्याचा कर्ताच बदलावा. ‘तुम्ही वाड्यासमोर उभे आहात’ याऐवजी ‘तुमच्यासमोर वाड्याचा दिंडी दरवाजा आहे’. ‘तुम्ही एकटे आहात’ याऐवजी ‘तुमच्यासोबत कोणी नाही’. ‘थकलेले आहात’ याऐवजी ‘तुमचे पाय भरून आले आहेत’. ही पळवाट आहे असे मला वाटत नाही. ‘तुम्हाला भूक लागली आहे’, ‘तुम्हाला भीती वाटते’ अशी चतुर्थीची वाक्ये मराठीच्या अंगचीच आहेत, आणि भरून आलेले पाय वाचकाला थकव्यापेक्षा लवकर जाणवतात.

‘तू’ कुठे शोभतो? जिथे निवेदक स्वतः कथेतले पात्र असते तिथे. आजी नातीला गोष्ट सांगत असेल, तर तिच्या तोंडी ‘तुम्ही’ कृत्रिम वाटेल. शिवाय ऐकणारी नात आहे हे ठरलेले असल्याने ‘गेलीस’ लिहिताना संकोच करण्याचे कारणच उरत नाही.

राहिला प्रश्न निवडीच्या दुव्यांचा. ‘मी आत जातो’ असे लिहिताच मागच्या दाराने लिंग परत येते. ‘आत जाणे’ हे फलकावरच्या सूचनेसारखे वाटते, तर ‘दार उघडावे’ हे पाककृतीतल्या ‘कांदा बारीक चिरून घ्यावा’च्या वळणाचे आहे. निवेदन ‘तुम्ही’चे असेल तर दुवाही ‘दार उघडा’, ‘किल्ली घ्या’ असाच असावा. खेळणारा स्वतः आज्ञा टाइप करतो त्या प्रकारच्या खेळात मात्र बोलण्याची दिशा उलटते: तिथे तो यंत्राला सांगत असतो, म्हणून ‘किल्ली घे’ हेच स्वाभाविक आहे. तिथे यंत्राला ‘किल्ली’ ओळखता येणे पुरत नाही. ‘किल्लीने पेटी उघड’ आणि ‘दिव्याने दोर जाळ’ समजण्यासाठी प्रत्येक वस्तूचे सामान्यरूपही आधी नोंदवून ठेवावे लागते, नाहीतर ‘दिवा’ ओळखणारा खेळ ‘दिव्याने’पाशी अडतो.